धुळे ते जळगाव, मार्गे कॉम-थ्री

धुळ्याहून जळगावला जायला एसटीला अडीच तास लागायचे. पारोळ्याला चहा, एरंडोलला पाट्यांवरून कंडक्टरशी भांडण, आणि पाळधी मागे पडली की गाडीतले सगळे उगाचच उठून उभे राहायचे आणि पिशव्या शोधायला लागायचे. या नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरच्या रस्त्यानं माणसं, कापूस, केळी आणि नवरदेव पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप पोचत आले आहेत. १९९६ च्या सुमारास आमच्या मेव्हण्यांनी जाहीर केलं, की आता या रस्त्याची आपल्याला गरज उरलेली नाही.

मेव्हण्यांना सगळे बापू म्हणतात. त्यांची जळगावात डाळमिल आहे. मी धुळ्यात विक्रीकराची कामं करायचो, आणि शिवाय त्यांच्या बहिणीचा नवरा, त्यामुळे मिलचे हिशेब फुकटात माझ्या कॉम्प्युटरवर व्हायचे. महिनाअखेरीला हिशेबाची फ्लॉपी जळगावला जायची. बापूंना यात मागासलेपणा दिसला. मुंबईला जाऊन ते दोन मोडेम घेऊन आले. एक स्वतःसाठी, बाहेर ठेवायचा, पुढे ओळीनं लाल दिवे असलेला. दुसरा माझ्यासाठी, कॉम्प्युटरच्या पोटात बसणारा, बिनदिव्यांचा. "दाजी, तुमचा आतला आहे. धूळ बसायची नाही," ते म्हणाले. धुळ्याच्या माणसाला धुळीचा टोमणा मारायची संधी जळगावचा माणूस सोडत नाही.

बापूंच्या मोडेमला मागे पंचवीस पिनांचं भोक आणि कॉम्प्युटरला नऊ पिनांचं. म्हणून मी, बापू आणि सासरे असे तिघे गोलाणी मार्केटमध्ये केबल घ्यायला गेलो. दुकानदारानं वर न पाहता विचारलं, "नर पाहिजे की मादी?"

सासरे एकदम बाहेर जाऊन उभे राहिले.

"एका टोकाला नर आणि एका टोकाला मादी," बापू हळू आवाजात म्हणाले.

"दोन्हीकडे मादी आहे एक. देऊ?"

"त्यानं भागेल का?"

"भागवलं तर सगळं भागतं," दुकानदार म्हणाला. परतताना सासऱ्यांनी रिक्षात एकच प्रश्न विचारला, "हे हिशेबाचंच काम आहे ना?"

माझ्याकडे केबलचा प्रश्न नव्हता. माझा प्रश्न वेगळ्याच जातीचा होता. कॉम्प्युटरला बाहेरच्या उपकरणांशी बोलायला कॉम-वन, कॉम-टू अशी दारं असतात. चार दारं, पण कॉम्प्युटरला हाक मारायच्या घंटा दोनच. एक आणि तीन या दारांना चार नंबरची घंटा, दोन आणि चार या दारांना तीन नंबरची. हा हिशेब कुठल्या विक्रीकर अधिकाऱ्यानं बसवला ते कळायला मार्ग नाही. माझ्या कॉम-वनवर माऊस होता, कॉम-टू घरात आल्यापासून मुका होता, म्हणून मोडेम कॉम-थ्रीवर बसला. म्हणजे माऊस आणि मोडेम एकाच घंटेवर. मोडेम बोलत असताना माऊस जरा हलला, की घंटा नक्की कुणी वाजवली या विचारात कॉम्प्युटर कायमचा गप्प व्हायचा.

हे बदलायला कार्डावर जम्पर नावाची वस्तू असते. तांदळाच्या दाण्याएवढी. ती चिमटीत धरून एका जागेवरून काढायची आणि दुसऱ्या जागेवर बसवायची. मधल्या वेळात ती जमिनीवर पडते आणि आई झाडू घेऊन येते. त्यानंतर आमच्या घरात फर्मान निघालं, की बाबांचा फोन चालू असताना माऊसला कुणी हात लावायचा नाही. शेजारच्या काकू विचारायच्या, "इतके उंदीर झालेत का हो तुमच्याकडे?"

मोडेमशी बोलायची भाषा हेज नावाच्या अमेरिकन माणसाच्या कंपनीनं १९८१ साली रूढ केली. प्रत्येक आज्ञेच्या सुरुवातीला एटी, म्हणजे 'अटेन्शन', म्हणजे सावधान. एटीझेड म्हटलं की मोडेम सगळं विसरून ताजातवाना होतो. एटीडी म्हटलं की नंबर फिरवतो, एटीए म्हटलं की आलेला फोन उचलतो, एटीएच म्हटलं की ठेवून देतो. मला ही भाषा मनापासून आवडली. घरात मी पहिल्यांदाच कुणाला तरी सावधान म्हणत होतो आणि समोरून 'ओके' असं उत्तर येत होतं.

पण मोडेम अमेरिकेत शिकलेला. तिकडचा डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झच्या दोन स्वरांचा, आपला ४०० हर्ट्‌झचा आणि तोही थरथरता. फोन उचलून माझा मोडेम दोन-चार सेकंद ऐकायचा आणि पडद्यावर लिहायचा, 'नो डायलटोन'. मी फोनला कान लावला तर डायलटोन ठणठणीत. मोडेमला तो डायलटोन वाटतच नव्हता. परदेशी शिकून आलेल्या पुतण्याला आपल्याकडची बासुंदी बासुंदी वाटत नाही, त्यातला प्रकार.

आता खानदेशातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे 'माहीत नाही' असं कुणी म्हणत नाही. धुळ्याच्या आग्रा रोडवर उभं राहून पत्ता विचारा. पाच जण पाच दिशांना हात करतात, आणि त्यातला एक तर आजच पहिल्यांदा शहरात आलेला असतो. तो सगळ्यांत खात्रीनं सांगतो. माझा मोडेम डायलटोन ओळखत नाही ही बातमी देवपुरापर्यंत पोचली आणि लोक इनिट स्ट्रिंग घेऊन यायला लागले.

इनिट स्ट्रिंग म्हणजे मोडेमला सुरुवातीलाच द्यायच्या आज्ञांची माळ. प्रत्येकाची स्वतःची. कॉम्प्युटर क्लासच्या सरांची एक, बँकेतल्या अधिकाऱ्यांची दुसरी, पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं आंतर्देशीय पत्रावर पाठवलेली तिसरी. मेडिकल स्टोअरवाल्या अण्णांनी औषधाच्या पुडीवर लिहून दिली आणि म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ देऊन बघा."

"अण्णा, यातल्या डब्ल्यूटूचा अर्थ काय?"

"अर्थ नाही विचारायचा. गुण येतो."

सगळ्या चिठ्ठ्या मी कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवल्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला आईनं त्यांच्यावरही हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांत लांब चिठ्ठीला फूल. गंमत म्हणजे खरा उपाय दोन अक्षरांत होता. एक्स-थ्री. मोडेमला सांगायचं, की बाबा रे, डायलटोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर फिरव. आणि एटीडीच्या पुढे टी न लावता पी लावायचा, कारण टी म्हटलं की मोडेम सूर काढतो आणि आमच्या लाइनीला त्या काळी कट-कट-कट अशी ठोक्यांची भाषाच कळायची. हे कुणाच्या चिठ्ठीत होतं? सगळ्यांच्याच होतं. फक्त प्रत्येकानं आपल्या पदरची वीस अक्षरं आजूबाजूला घातली होती.

मोडेम नंबर फिरवायला लागला. आता प्रश्न आला, की कुणी कुणाला लावायचा?

हा प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाही. ज्यानं फोन लावला त्याला एसटीडीचं बिल. रात्री उशिरा दर पावपट व्हायचा, पण पावपट म्हणजे फुकट नव्हे. बापू मुलीकडचे, म्हणून रीतीप्रमाणे खर्च त्यांनी करायला हवा असं माझं नम्र मत. सल्लागार मी, म्हणून कामाचा खर्च माझा असं त्यांचं नम्र मत. ही मतं उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून उघडपणे जे चालायचं ते असं:

"दाजी, तुम्ही ठेवा. मी लावतो."

"छे छे, तुम्ही ठेवा. मीच लावतो."

"नाही नाही, ताई काय म्हणेल!"

"बरं, मग लावा तुम्हीच."

इथे एकदम शांतता. मग दोघंही फोन ठेवायचे. दोघंही समोरचा लावेल म्हणून एटीए लिहून बसायचे. अर्धा तास काहीच घडायचं नाही. शेवटी दोघांनाही एकाच वेळी लाज वाटायची आणि दोघंही एकाच क्षणी नंबर फिरवायचे. दोन्हीकडे उत्तर एकच, 'बिझी'. आणि बिझी का येतंय हे विचारायला फोन करावा, तर लाइन एकच. शेवटी बायकोनं निकाल दिला: "जो आधी ठेवेल तो लावेल." त्यानंतर आमचे फोन फार लांबायला लागले.

एका रात्री मात्र जुळलं. आधी जळगावहून २१०० हर्ट्‌झची लांब शिट्टी आली, मग इकडचा सूर, मग तिकडची खरखर, मग दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली. दोन्ही मोडेम 'कोण बोलतंय?', 'तुम्ही कोण?', 'नाही, आधी तुम्ही सांगा' करत होते. तसे आपण माणसंही फोनवर हेच करतो, पण मोडेमचं पंधरा सेकंदांत आटपतं. आवाज बंद करायला एटीएम-झिरो अशी आज्ञा आहे. ती धुळ्या-जळगावात कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. इतके पैसे टाकून वस्तू आणायची आणि शेजाऱ्यांना ऐकू येऊ द्यायची नाही, याला काय अर्थ?

पडद्यावर 'कनेक्ट ९६००' आलं, आणि त्यापाठोपाठ बापूंचा पहिला संदेश: चौकोन, उद्‌गारचिन्हं, ग्रीक अक्षरं आणि एक हसरा चेहरा. मी घाबरून लाइन तोडली आणि फोन केला.

"बापू, पॅरिटी काय ठेवलीय?"

"ऑड."

"ऑड का? आपलं नन ठरलं होतं ना?"

"दाजी, आहेर देताना आपण एकशे एक देतो की शंभर? सम आकडा शुभ नसतो. आणि 'नन' म्हणजे काहीच नाही. धंद्याच्या कामात काहीच नाही असं मी म्हणणार नाही."

पॅरिटी म्हणजे प्रत्येक अक्षरामागे लावायची तपासणीची एक खूण, तिचा शकुनाशी संबंध नाही, हे पटवायला जेवढा वेळ लागला तेवढ्या एसटीडीत एक नवीन केबल आली असती, दोन्हीकडे नर असलेली. अखेर आठ, नन, एक असं दोन्हीकडे झालं. पुन्हा शिट्टी, पुन्हा खरखर. मग पडद्यावर रोमन लिपीत एकेक अक्षर उमटलं. खानदेशच्या दोन जिल्ह्यांना जोडणारा आमचा पहिला स्वच्छ संदेश होता, 'जेवण झालं का?' मी लिहिलं, 'झालं. तुमचं?' मग दोघांनाही पुढे काय लिहावं ते सुचेना.

एवढ्यावर थांबलो असतो तर सुखी झालो असतो. पण लाइन जुळली, की वेग कमी वाटायला लागतो. मोडेम १४,४०० चा. लाइनीत खरखर असली की तो स्वतःहून ९६०० वर येतो, मग ४८०० वर, मग २४०० वर. आमच्याकडे तो थेट शेवटच्या पायरीवर येऊन बसायला लागला. तक्रार केल्यावर लाइनमन आले. त्यांनी फोन कानाला लावला, दोनदा फुंकर मारली.

"साहेब, लाईन ते एकदम चांगली शे."

"माणसाला चांगली आहे हो. मोडेमला नाही."

"त्याले काय तरास शे?"

"खरखर असली की त्याला ऐकू येत नाही."

"मंग त्याले सांगा, जरा जोरमा बोल."

खरं तर माझ्या भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा हा सल्ला शास्त्राच्या जास्त जवळ होता. त्या दिवसांत धुळ्याच्या कलेक्टर कचेरीतून सरकारच्या निकनेटवर उपग्रहामार्गे थेट दिल्लीशी बोलणं व्हायचं. मला पारोळ्याच्या पुढे जाता येत नव्हतं.

त्यात बापूंनी सुचवलं, "दाजी, एस-झिरो एक करून ठेवा. म्हणजे मी केव्हाही लावला तरी तुमचा मोडेम पहिल्या घंटेला आपोआप उचलेल." उचललाच. दुपारी चाळीसगावहून आत्याबाईंचा फोन आला. त्यांनी 'हॅलो' म्हटलं आणि पलीकडून त्यांना आधी एक लांब किंकाळी आणि मग घशातली घरघर ऐकू आली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चाळीसगाव-धुळे पॅसेंजरनं आत्याबाई, काका आणि दोन चुलत बहिणी उतरल्या. पदर डोळ्यांना. दारात मी दात घासत उभा. जिवंत आहे हे बघून आधी सगळ्यांना आनंद झाला, मग आलोच आहोत तर म्हणून वरण-बट्टी झाली, आणि जाताना काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यांच्या ऑफिसातल्या एकानं मोडेमसाठी काहीतरी लिहून दिलं होतं.

मग मे महिना आला. खानदेशातला मे महिना ज्यानं काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. पारा चव्वेचाळीसच्या वर, आणि घराघरात कूलर. आमचा कूलर सुरू झाला की व्होल्टेज असं खाली यायचं की कॉम्प्युटर एकदा डोळा मिटायचा आणि मोडेम लिहायचा, 'नो कॅरिअर'. म्हणजे एक तर धुळे-जळगाव दळणवळण, नाही तर झोप. आणि नेमकी याच महिन्यात बापूंच्या वर्षभराच्या हिशेबाची फाइल जळगावला जायची होती. झिप करून दाबून दाबून बसवली तरी जेमतेम एका फ्लॉपीत मावत होती. २४०० च्या वेगानं एक फ्लॉपी म्हणजे एक तास चाळीस मिनिटं, आणि तेही मध्ये कुणी खोकलं नाही तर.

रात्री अकरा वाजता सुरुवात केली. कूलर बंद. खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं माऊस हलेल अशी मला भीती. झेडमोडेम नावाच्या पद्धतीत एक चांगली सोय असते. लाइन तुटली तर पुन्हा जोडल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. ही सोय आम्ही त्या रात्री मनमुराद उपभोगली. बाराला लाइन तुटली. पुन्हा 'तुम्ही लावा', 'नाही, तुम्ही'. एकला वीज गेली. दोनला बापूंच्या इमारतीतल्या कुणीतरी पंप सुरू केला. तीनला धाकट्यानं झोपेत येऊन माऊस हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, गेम आहे?" पहाटे बायको उठली, घामानं निथळणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता दुसऱ्या फ्लॉपीत तीच फाइल उतरवून घ्यायला सांगितली आणि ती वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारच्या मास्तरांकडे दिली. मास्तर जळगावला रोज अप-डाऊन करायचे. सहाची गाडी. मी मनात हसलो. एसटीनं फ्लॉपी!

नऊच्या सुमाराला पडद्यावर सत्त्याण्णव टक्के झाले होते. मी श्वास धरून बसलो होतो. आणि 'नो कॅरिअर'. लगेच फोनची घंटा.

"दाजी, मीच मोडेम काढला. फोन करायचा होता."

"का?"

"फ्लॉपी पोचली. मास्तर आत्ताच देऊन गेले. फाइल एकदम मस्त उघडली. म्हटलं, तुम्ही काळजीत असाल, आधी कळवावं."

त्यानंतर इंटरनेट आलं. तसं देशात ते १५ ऑगस्ट १९९५ लाच विदेश संचार निगमनं सुरू केलं होतं, पण मुंबईसारख्या मोजक्या शहरांत. आम्हाला त्यासाठी शून्य-दोन-दोन लावून एसटीडी करावी लागायची. आमच्या भाच्याचं पत्र ई-मेलनं यायचं, आणि ते आलंय बघा म्हणून सांगायला त्याचा फोन. पुढे भारत संचार निगम आलं, संचारनेटचा १७२२३३ हा नंबर आला आणि स्थानिक कॉलच्या दरात घरबसल्या जोडणी मिळायला लागली. कोण लावणार हा वादच संपला. बापूंना आणि मला एकमेकांशी बोलायला विषय राहिला नाही असं काही दिवस वाटलं. मग त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा सल्ला देणं सुरू केलं आणि घरोबा पूर्ववत झाला. आता त्यांच्याकडे फायबर आहे. कुणाचंही नेट बंद पडलं की ते फोनवर खात्रीनं सांगतात, "वायफायची पॅरिटी बघा."

मध्यंतरी माळा आवरला तेव्हा एका डब्यात सगळं सापडलं. कॉम-थ्रीवाला मोडेम, आईनं झाडून टाकलेले आणि पुढे तांदळात सापडलेले जम्पर, पंचवीस पिनांच्या केबली, आणि हळदीचे डाग पडलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. ज्या कुणाला यातलं काही हवं असेल त्यांनी खुशाल घेऊन जावं. नर-मादी दोन्ही आहेत. पैसे नकोत. चहा मी पाजीन. फक्त येताना नवी इनिट स्ट्रिंग आणू नये.